कॉम्प्युटर पण पाहिजे आणि गणित पण, मग फॉर्म कुठले भरू?

पत्र

ताई, मी बारावी सायन्सला आहे, पीसीएम. सोलापूरच्या पूर्व भागात राहते, दहावीपर्यंत सेमी इंग्लिश. गणित मला इतकं आवडतं की रात्री घरचे झोपले की मी गणितंच सोडवत बसते. मोबाईलवर थोडं पायथन पण शिकलेय. मला दोन्ही शिकायचंय. मामाचा मुलगा हिंजवडीला आयटीत आहे, तो म्हणतो गणितात काय स्कोप नाही बे, गप सीईटी दे आणि मिळेल तिथं कॉम्प्युटर घे, ब्रँचच्या नावात एआय असेल तर अजून भारी. पप्पा टॉवेलच्या कारखान्यात कामाला आहेत, ते म्हणतात पाहिजे ते शिक पण फी झेपली पाहिजे. आई म्हणते सोलापूर सोडायचं नाही. गणिताचे सर म्हणतात बीएससी मॅथ्स कर, आणि मैत्रिणी म्हणतात बीएससी म्हणजे वाया. क्लास लावलेला नाही. दोन्ही एकत्र शिकता येतं का? फॉर्म कुठले भरू? आणि लॅपटॉप आत्ताच घ्यावा लागेल का?

एक गणितवाली, सोलापूर

उत्तर

गणितवाली,

येतं की एकत्र शिकता. नुसतं येत नाही, तर अगदी याच नावाचे कोर्स आहेत, फक्त आपल्याकडं ते कुणी सांगत नाही कारण सांगणाऱ्यांना सीईटी आणि नीट सोडून तिसरी परीक्षा असते हेच ठाऊक नसतं. पण फॉर्मकडं वळायच्या आधी एक सांगू का, तुझं पत्र वाचताना सारखं जाणवत होतं की घरातले सगळे कॉलेजबद्दल बोलालेत, फीबद्दल बोलालेत, स्कोपबद्दल बोलालेत आणि तुला गणितातलं नक्की काय आवडतं हे एकानंपण विचारलेलं नाही. ते आधी तूच बघ. त्यासाठी एक काम देते, एक संध्याकाळ पुरेल.

देवळालीच्या शाळेत कापरेकर नावाचे मास्तर होते, द. रा. कापरेकर, त्यांचा ६१७४ हा आकडा तू ऐकला असशील. कुठलाही चार अंकी आकडा घे, फक्त चारी अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमानं लाव, मग चढत्या क्रमानं लाव, मोठ्यातून लहान वजा कर. जे येईल त्याला परत तेच कर. ३५२४ घेतलास तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७, मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२, मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४, आणि तिथून पुढं कितीही वेळा केलंस तरी ६१७४ च. कुठूनही सुरू कर, जास्तीत जास्त ७ पायऱ्यांत तिथं पोचतेस.

आता याचा पायथनमध्ये प्रोग्राम लिही, ० पासून ९९९९ पर्यंत सगळे आकडे तपासणारा. पहिल्यांदा तो गंडणार हे मी आत्ताच सांगते. कारण १००० घेतलं की १००० वजा ०००१ म्हणजे ९९९ येतं, आणि तू पुढचं शून्य धरलं नाहीस तर प्रोग्राम त्याला तीन अंकी समजणार, ९९९ वजा ९९९ करणार आणि शून्यावर जाऊन बसणार. प्रत्येक वेळी त्याला चार अंकी करून घ्यायला लागतं, ०९९९, मग ९९९० वजा ०९९९ म्हणजे ८९९१ आणि गाडी पुढं सरकते. ही चूक तू स्वतः शोध, मी सांगितलेलं विसरून शोध.

ते झालं की कागद घे. उतरत्या क्रमानं लावलेल्या अंकांना अ, ब, क, ड म्हण आणि वजाबाकी अक्षरांतच कर. उत्तर येतं ९९९ गुणिले (अ वजा ड) अधिक ९० गुणिले (ब वजा क). थांबून बघ जरा काय झालंय ते. आकडा कुठलाही असू दे, पुढचं उत्तर फक्त दोन फरकांवर ठरालंय, अ वजा ड आणि ब वजा क. पहिला फरक १ ते ९, दुसरा ० पासून पहिल्याएवढा, म्हणजे सगळ्या मिळून ५४ जोड्या. तुझा प्रोग्राम दहा हजार आकडे तपासत होता आणि इथं ५४ तपासले की काम संपलं, हातानं पण होईल.

मग स्वतःला विचार, मजा कुठं आली? प्रोग्राम गंडला, शून्य सापडलं, चालू झाला, मग लगेच तीन अंकी आकड्यांना काय होतं ते बघावंसं वाटलं (४९५ येतं), पाच अंकींना करून बघितलं आणि तिथं एकच आकडा न येता गोल गोल फिरायला लागलं, यात रात्रीचे बारा वाजले तर तुझा ओढा कॉम्प्युटरकडं जास्त आहे. दहा हजाराचे ५४ झाले तिथं अंगावर काटा आला तर गणिताकडं जास्त आहे. आणि दोन्हीकडं सारखंच झालं तर तुझ्या प्रश्नाचं उत्तर तूच दिलंस, तुला दोन्ही एकत्रच लागणार आणि कुणाच्या सांगण्यावरून त्यातलं एक सोडू नको.

आता कोर्स.

तुझ्यासारखीसाठी पहिलं नाव मी घेईन ते सीएमआय, चेन्नई मॅथेमॅटिकल इन्स्टिट्यूट. १९८९ साली सुरू झालेली, चेन्नईच्या बाहेर सिरुसेरीला आहे. तिथल्या डिग्रीचं नावच बीएससी ऑनर्स मॅथेमॅटिक्स अँड कॉम्प्युटर सायन्स. एका वर्गात अ‍ॅनालिसिस, अल्जिब्रा आणि दुसऱ्या वर्गात अल्गोरिदम, ऑटोमाटा, दोन्ही विषयांना सारखा मान. प्रवेशपरीक्षा फक्त गणिताची, फिजिक्स नाही, केमिस्ट्री नाही. पेपरात एक भाग छोट्या उत्तरांचा आणि दुसरा भाग पूर्ण उत्तर लिहायचा, म्हणजे नुसतं उत्तर बरोबर येऊन भागत नाही, का बरोबर आहे ते लिहायला लागतं. मागच्या बऱ्याच वर्षांचे पेपर त्यांच्या साईटवर फुकट आहेत. हुशार आणि गरजू मुलांना फी माफीची सोय आहे, ती नीट वाचून घे.

दुसरं आयएसआय, इंडियन स्टॅटिस्टिकल इन्स्टिट्यूट, प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये कलकत्त्यात सुरू केलेली. तिथं बी.स्टॅट, म्हणजे संख्याशास्त्राची डिग्री, कलकत्त्याला आणि बी.मॅथ, म्हणजे गणिताची, बेंगळुरूला. पप्पांना हे वाक्य वाचून दाखव, आजवर तिथं ट्यूशन फी नव्हती, उलट मुलांना दर महिन्याला स्टायपेंड मिळत आलाय. परीक्षा परत फक्त गणिताची, एक पेपर ३० ऑप्शनवाल्या प्रश्नांचा आणि दुसरा ८ लेखी प्रश्नांचा. ऑप्शनच्या पेपरात मार्क देण्याची पद्धत मजेशीर आहे, बरोबरला ४, कोरं सोडलं तर १ आणि चुकलं तर ०, म्हणजे अंदाजे गोळी मारण्यापेक्षा गप सोडून देणं बरं. सीईटीत बरोबर उलटं, तिथं निगेटिव्ह नाही त्यामुळं एकपण प्रश्न कोरा ठेवायचा नाही. या दोन सवयी आपसात मिसळू देऊ नको.

मग आयआयटी. काही आयआयटींत मॅथेमॅटिक्स अँड कॉम्प्युटिंग नावाची ब्रँच आहे, दिल्लीला आहे, गुवाहाटीला आहे, मुंबईला गणिताची चार वर्षांची बीएस आहे, आणि बेंगळुरूच्या आयआयएससीनं, म्हणजे इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सनं, २०२२ पासून मॅथेमॅटिक्स अँड कॉम्प्युटिंगचं बीटेक चालू केलंय. या सगळ्यांना जेईई अ‍ॅडव्हान्स्ड लागते. खरं सांगते, क्लास नाही, बारावीचं अर्धं वर्ष गेलंय, अशा वेळी अ‍ॅडव्हान्स्डच्या फिजिक्स-केमिस्ट्रीमागं लागलीस तर तुझं गणित पण बिघडेल. जेईई मेनचा फॉर्म भर, मुलींना फी कमी असते, सोलापुरात सेंटर आहे, जाऊन देऊन ये, पण सगळा जीव त्यात घालू नको. सीएमआय आणि आयएसआयच्या परीक्षा सोप्या आहेत असं म्हणत नाहीये मी, अजिबात नाहीत, देशभरातून पोरं बसतात आणि जागा मोजक्या. पण तिथं फक्त तुझा आवडता विषय आहे आणि रात्री घरचे झोपल्यावर तू जे करतेस तेच तिथं तपासतात.

पुण्याच्या आयसरचं, म्हणजे केंद्र सरकारच्या विज्ञान संस्थेचं, पण कुणीतरी सुचवेल तुला. संस्था उत्तम आहे, गणित पण चांगलं आहे, पण त्यांच्या परीक्षेत बायोलॉजीचे पण प्रश्न असतात, तू पीसीएमवाली, त्यामुळं तुझ्या यादीत मी ते खालीच ठेवीन.

या लेखी परीक्षांची तयारी कशी करायची हे तू विचारलं नाहीस, पण खरी मेख तिथंच आहे. आपल्याकडच्या पोरांना उत्तर काढता येतं, लिहिता येत नाही. आजपासून एक वही वेगळी कर. रोज एकच प्रश्न, पण पूर्ण वाक्यांत. उदाहरणार्थ, सलग तीन पूर्णांकांचा गुणाकार ६ नं का भागला जातो. दोन सलग आकड्यांत एक सम असतोच, तीन सलग आकड्यांत एक ३ च्या पाढ्यातला असतोच, आणि २ आणि ३ ला १ सोडून सामायिक विभाजक नाही म्हणून ६ नं भाग जातो. झालं. हेच इंग्रजीत लिही, छोटी छोटी वाक्यं, शाळेत शिकलेलं इंग्रजी पुरतं त्याला, तिथं तुझं व्याकरण कुणी तपासत नाही, मधली पायरी गाळलीस का ते तपासतात. लिहिलेलं सरांना दाखव. तुझे सर बीएससी मॅथ्स कर म्हणालेत म्हणजे त्यांना हे वाचायला आवडेल, आणि त्यांना एकच सांग, सर उत्तर बघू नका, कुठं पटलं नाही तिथं लाल करा. आत्ता त्रिकोणमितीत "सिद्ध करा" आलं की आपण डावी बाजू ओढून ताणून उजवीसारखी करतो, ती सवय वेगळी आणि ही वेगळी.

तारखांचं बघ. जेईई मेनच्या जानेवारीच्या फेरीचे फॉर्म साधारण ऑक्टोबर-नोव्हेंबरात असतात. फेब्रुवारीत बोर्ड. आणि आयएसआय, सीएमआयचे फॉर्म नेमके बोर्डाच्या आगेमागे निघतात, मार्चच्या सुमाराला, जेव्हा तू केमिस्ट्रीच्या पेपरच्या टेन्शनमध्ये असणार. म्हणून आत्ताच मोबाईलमध्ये फेब्रुवारीपासून दर रविवारचं रिमाइंडर लाव, "दोन साईट बघणे". कितीतरी चांगली पोरं अभ्यासामुळं नाही, फॉर्मची तारीख गेली म्हणून राहतात. सीईटी एप्रिल-मेच्या आसपास, आयएसआय आणि सीएमआयच्या परीक्षा मे महिन्यात. आणि या दोन्हींचं सेंटर सोलापुरात मिळेलच असं धरू नको, पुणं धर. पप्पांना सुट्टी आधी टाकायला सांग आणि आदल्या दिवशीच जा. हुतात्मा एक्सप्रेस सकाळी सुटते आणि पुण्यात पोचेपर्यंत सकाळ संपत आलेली असते, परीक्षेच्या दिवशी तिच्या भरवशावर राहायचं नाही.

आता सीईटी. ती देच, आणि मन लावून दे. तुझ्या फायद्याची गोष्ट म्हणजे सीईटीत गणिताला निम्मे मार्क आहेत, २०० पैकी १००. फिजिक्स-केमिस्ट्रीचे प्रश्न एकेका मार्काचे, गणिताचे दोन दोन. ५० प्रश्न ९० मिनिटांत सोडवायचे म्हणजे वेग लागतो, आणि तो वेग लेखी परीक्षांच्या एकदम उलट आहे, तिथं तू एका प्रश्नावर अर्धा तास बसायचं, इथं दोन मिनिटांत पुढं. म्हणून बोर्ड संपल्यावर सीईटीचे जुने पेपर घड्याळ लावून सोडव, आणि वहीतला रोजचा एक प्रश्न तसाच चालू ठेव.

कॅप राउंडला, म्हणजे सीईटीनंतरच्या सरकारी प्रवेशफेरीला, ऑप्शन फॉर्म भरताना एक लक्षात ठेव, मागच्या वर्षीचा कट ऑफ बघून क्रम लावू नको, तुला खरंच जे पाहिजे ते वर लाव. पहिल्या राउंडला पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं तर ते ऑटो फ्रीझ होतं, म्हणजे आपोआप पक्कं होतं, आणि मग रडून उपयोग नाही. नेट कॅफेवाल्या काकांना क्रम लावायला देऊ नको, ते त्यांच्या अनुभवानं लावतात, तुझ्या आवडीनं नाही. आणि वालचंद दोन आहेत बाई, आपल्या सोलापूरचं डब्ल्यूआयटी, म्हणजे वालचंद इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, वेगळं आणि सांगलीचं वालचंद कॉलेज ऑफ इंजिनीअरिंग वेगळं, कोड तपासून भर. हसू नको, दरवर्षी कुणीतरी हा घोळ घालतंच.

"नावात एआय असेल तर भारी" याबद्दल. ब्रँचचं नाव बघायचंच नाही, सिलॅबसची पीडीएफ उघडायची. त्यात डिस्क्रीट मॅथ्स, लिनिअर अल्जिब्रा, प्रॉबॅबिलिटी, अल्गोरिदम, थिअरी ऑफ कॉम्प्युटेशन हे आहे का आणि किती सेमिस्टर आहे ते बघ. साध्या कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला हे सगळं असेल आणि भारी नावाच्या ब्रँचला त्याच्या जागी टूल्स शिकवत असतील, तर भारी नाव सोडून दे. टूल्स तू यूट्यूबवरून शिकशील, लिनिअर अल्जिब्रा एकटीनं शिकणं जड जातं.

आता आईचं. आई म्हणते सोलापूर सोडायचं नाही, आणि मैत्रिणी म्हणतात बीएससी म्हणजे वाया. मी मैत्रिणींशी भांडायला तयार आहे. सोलापुरात दयानंद आहे, संगमेश्वर आहे, वालचंदचं आर्ट्स अँड सायन्स आहे. इथं दोन रस्ते दिसतील तुला, बीएससी मॅथ्स आणि बीएससी ईसीएस, म्हणजे एंटायर कॉम्प्युटर सायन्स. आपल्याकडं सगळे ईसीएसकडं पळतात कारण नावात कॉम्प्युटर आहे. ईसीएस वाईट नाही, पण त्यात भर प्रोग्रॅमिंग, डेटाबेस, वेब यांच्यावर असतो, आणि तुझ्यासारखीला दुसऱ्या वर्षात गणिताची भूक लागेल. तुझ्या जागी मी असते तर मेजर म्हणजे मुख्य विषय गणित घेतलं असतं आणि मायनर म्हणजे जोडविषय कॉम्प्युटर किंवा स्टॅटिस्टिक्स. नवीन शैक्षणिक धोरणात मेजर-मायनर आलंय खरं, पण कागदावर असणं आणि कॉलेजच्या टाइमटेबलमध्ये असणं यात फरक असतो, म्हणून ॲडमिशनच्या आधी ऑफिसच्या खिडकीवर नाही, थेट डिपार्टमेंटमध्ये जाऊन विचार की गणित मेजर आणि कॉम्प्युटर मायनर हे कॉम्बिनेशन यावर्षी खरंच चालू आहे का. खिडकीवरचे काका "सगळं आहे" म्हणतात.

आणि सोबत आयआयटी मद्रासची ऑनलाईन बीएस कर, डेटा सायन्सची, २०२० पासून चालू आहे. तिला जेईई लागत नाही. चार आठवड्यांचा अभ्यास देतात, मग क्वालिफायर परीक्षा, ती पास झालीस की प्रवेश. लेक्चर घरी बसून, परीक्षा मात्र सेंटरवर जाऊन. रेग्युलर कॉलेज करत करत करता येते आणि घरच्या उत्पन्नाप्रमाणं फीत सवलत आहे. दिवसा कॉलेजातलं गणिताचं एप्सिलॉन-डेल्टा आणि रात्री पायथन, म्हणजे आई पण खूश आणि तू पण. फक्त पहिल्या वर्षी दोन्हीकडं एकदम जास्त विषय घेऊ नको, दमशील.

बीएससी "वाया" जातं ते कधी? तीन वर्षं गाईड वाचून पास झालं की. दरवर्षी माधव मॅथेमॅटिक्स कॉम्पिटिशन नावाची कॉलेजच्या पोरांसाठी परीक्षा असते, ती दे. उन्हाळ्यात एमटीटीएस नावाचं गणिताचं शिबिर असतं, १९९३ पासून चालू आहे, तिथं निवड झाली तर डोळे उघडतात, आपल्यासारखी गणितवेडी पोरं गावोगावी आहेत हे पहिल्यांदा कळतं. पुण्यात भास्कराचार्य प्रतिष्ठान आहे, श्रीराम अभ्यंकरांनी १९७६ ला काढलेलं, तिथले कार्यक्रम बघत जा. बीएससीनंतर आयआयटी जॅम ही प्रवेशपरीक्षा देऊन आयआयटीत एमएससी करता येते, एमसीए करता येतं, आणि गंमत म्हणजे सीएमआयमध्येच कॉम्प्युटर सायन्सची आणि डेटा सायन्सची एमएससी आहे, गणितातून बीएससी केलेली पोरं तिथं जातात. म्हणजे यावर्षी चेन्नई हुकली तरी तीन वर्षांनी परत दार वाजवता येतं. आपल्या सोलापूर विद्यापीठात, म्हणजे पुणे रोडवर केगावला, गणित, संख्याशास्त्र, कॉम्प्युटर तिन्हीची एमएससी आहे, तो आईसाठीचा पर्याय.

बीएससी मॅथ्सचा एक धोका मात्र सांगून ठेवते. ते बारावीच्या गणितासारखं नसतं. इंटिग्रेशनची गणितं पटापट सुटतात म्हणून गणित आवडतं म्हणणारी बरीच पोरं रिअल अ‍ॅनालिसिसच्या पहिल्या महिन्यात गळतात, कारण तिथं काढायचं काहीच नसतं, सगळं दाखवायचं असतं. तुझ्या वहीतला रोजचा प्रश्न महिनाभर टिकला तर तू टिकशील. वहीचा कंटाळा आला तर तेही चांगलंच, बिनधास्त कॉम्प्युटर इंजिनीअरिंग घे, त्यात कमीपणा काही नाही.

पप्पांचा फीचा प्रश्न. २०२४-२५ पासून राज्य सरकारनं मुलींसाठी व्यावसायिक कोर्सची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ केलीय, ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी घरातल्या, उत्पन्न ८ लाखांच्या आत असलेल्या मुलींना. ओबीसीत विमुक्त-भटके आणि एसबीसी, म्हणजे विशेष मागास, पण धरलेत, पूर्व भागातल्या कितीतरी घरांना हे लागू होतं आणि निम्म्यांना माहितीच नाही. पण ॲडमिशन कॅपमधूनच झालेली पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतलीस तर ही माफी विसर, म्हणून कुणी एजंट "सीट पक्की करून देतो" म्हणाला तर त्याला चहा पाजून वाटेला लाव. हॉस्टेल, मेस, बस याचा खर्च वेगळा. कॉलेजला टीएफडब्ल्यूएसच्या जागा पण असतात, ट्यूशन फी माफीच्या, ऑप्शन फॉर्ममध्ये त्यांचा कोड वेगळा असतो, तो भरायला विसरू नको. बीएससीकडं गेलीस तर केंद्राची इन्स्पायर स्कॉलरशिप आहे, बोर्डात वरच्या १ टक्क्यात आलीस आणि गणितासारखा मूळ विज्ञानाचा विषय घेतलास तर वर्षाला ८० हजारांपर्यंत. इंजिनीअरिंगला ती मिळत नाही. म्हणजे तुझा हिंजवडीचा दादा ज्याला स्कोप नाही म्हणतो त्यालाच सरकार पैसे देतंय, सांग त्याला.

कागदपत्रं आत्ताच काढ. उत्पन्नाचा दाखला, डोमिसाइल, जातीचा दाखला असेल तर नॉन क्रिमीलेअर, आणि सगळ्यात जास्त वेळ खाणारी जात पडताळणी. जूनमध्ये सेतूला गेलीस तर रांग बघून रडू येईल. पप्पांच्या आधारवरचं नाव, तुझ्या दहावीच्या मार्कशीटवरचं नाव आणि शाळेच्या दाखल्यावरचं नाव अक्षरन् अक्षर जुळतंय का बघ, आपल्याकडं तेलुगू आडनावांची मराठीत दहा स्पेलिंगं होतात, एकीकडं एक आणि दुसरीकडं दुसरं, आणि मग ॲफिडेव्हिट करत फिरायचं.

काही प्रायव्हेट युनिव्हर्सिट्या फॉर्मबरोबर निबंध मागतात, तुला हा विषय का शिकायचाय म्हणून. त्यांची फी बघता मी तुला तिकडं ढकलणार नाही, पण स्कॉलरशिपच्या आशेनं एखादा फॉर्म भरलासच तर एक विनंती. पप्पा कारखान्यात आहेत म्हणून जॅकार्डच्या नक्षी विणणाऱ्या मागावरच्या पंच कार्डांवरून कॉम्प्युटर कसा सुचला ती गोष्ट लिहू नको. गोष्ट खरी आहे, पण ती प्रत्येक जण लिहितो. त्यापेक्षा १००० वर तुझा प्रोग्राम कसा अडकला आणि दहा हजाराचे ५४ कसे झाले ते लिही, ते तुझं स्वतःचं असेल.

दादाचं राहिलं. तो वाईट नाही गं, त्याला तू लवकर कमवावीस असं वाटतं. पण तो रोज जे एआय एआय करतोय ना, त्याच्या आत लिनिअर अल्जिब्रा, प्रॉबॅबिलिटी आणि कॅल्क्युलसच आहे. मोबाईलवरून पैसे पाठवताना जे कुलूप लागतं त्याच्या मागं मोठ्या मूळ संख्यांचं गणित आहे. त्याच्याशी वाद घालू नको, त्याला एक काम सांग, तुझ्या ऑफिसात डेटा सायन्सच्या टीममध्ये जे आहेत त्यांनी कशात डिग्री केलीय ते विचारून ये म्हणावं. दिवाळीला आला की उत्तर घे.

आणि लॅपटॉप. आत्ता घेऊ नको. बारावीच्या वर्षात लॅपटॉप आला की बोर्डाचे मार्क जातात, आणि ६१७४ चा प्रोग्राम मोबाईलवर आरामात चालतो. कॉलेजच्या लॅबमध्ये तास मिळाला तर तिथं बस. अल्गोरिदम नीट शिकायचे असतील तर एनपीटीईएल या आयआयटींच्या ऑनलाईन कोर्सच्या साईटवर माधवन मुकुंद सरांचा पायथनचा कोर्स फुकट आहे, ते सीएमआयचेच आहेत, लेक्चर मोबाईलवर दिसतं, तिथं कसं शिकवतात याचा अंदाज पण येईल, पण हे सगळं बोर्ड झाल्यावर. ॲडमिशन झाली की मग बघ, साधा, ८ जीबी रॅम आणि एसएसडी असलेला, सेकंडहँड चालेल, फक्त बॅटरी आणि बिजागऱ्या तपासून घे. गेमिंगचा लॅपटॉप हप्त्यावर घेऊन देतो असं कुणी म्हणालं तर पप्पांना आधी त्या महिन्याच्या मेसचं बिल दाखव.